खुडूक न बसणाऱ्या पक्ष्याची पिल्लं
(प्रस्तावना)

भोरजवळच्या आमच्या गावी आजीच्या चुलीमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात एक पाटी असायची. पाटीत भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर खुडूक बसलेली कोंबडी. आम्ही मुलं जवळ गेलो की ती अंग फुगवायची आणि घशातून खर्जातला आवाज काढायची. आजी म्हणायची, "लांब व्हा रे, तिचे एकवीस दिवस चाललेत." दिवसातून एकदाच ती उठायची. दाणे टिपायची, पाणी प्यायची, राखेत अंग घोळवायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत पाटीत. बसताना चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढून फिरवायची. आजी तिला काही शिकवत नव्हती. मांजर येणार नाही, पोरं हात घालणार नाहीत, एवढंच बघायची.

ही पुस्तिका लिहायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी ती पाटी आठवली. कारण ज्या पक्ष्याबद्दल हे लेखन आहे, तो खुडूक बसतच नाही. जपानी लावा, बाजारातल्या बोलीत बटेर. मादी जिथे उभी असेल तिथे अंडं टाकते, कधी जाळीवर, कधी पाण्याच्या भांड्याशेजारी, आणि पुन्हा त्याच्याकडे वळून बघत नाही. रानातली लाव्याची मादी गवतात खळगा करून अंड्यांवर बसते, पिल्लांना घेऊन हिंडते. पाळीव जातीत मात्र माणसाने पिढ्यान् पिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्या निवडल्या आणि त्या निवडीत बसण्याची ओढ जवळजवळ पुसली गेली. म्हणून घरी लाव्याची पिल्लं काढायची ठरवली, की खुडूक बसायचं काम आपल्यावर येतं. पुढच्या पानांत जे जे सांगितलं आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

या पक्ष्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. जपानमध्ये लोक शेकडो वर्षं याला आवाजासाठी पाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंड्यांसाठी त्याची पैदास सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक कळप नष्ट झाले आणि जे थोडे पक्षी वाचले त्यांच्यातून पुन्हा सगळं उभं राहिलं. भारतात हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आला. तिथे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि आपल्या हवेला मानवतील असे वाण तिथे तयार झाले. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते, दहा-बारा ग्रॅमचं ठिपकेदार अंडं. कोंबडीला यासाठी पाच महिने लागतात. वाढीचा हा वेग आणि छोटा देह यांमुळे प्रयोगशाळांनीही लाव्याला जवळ केलं. १९९० मध्ये सोव्हिएत संघाच्या मीर अंतराळस्थानकावर लाव्याची अंडी उबवली गेली आणि पिल्लं बाहेर आलीही. पण त्यांना वजनच नव्हतं. पायाखाली जमीन लागेना, दाण्यापर्यंत चोच नेता येईना, ती नुसती तरंगत राहिली. ही हकिकत मी नवशिक्यांना मुद्दाम सांगतो. ऊब मिळाली की पिल्लू बाहेर येतं, पण पिल्लू जगवायला उबेखेरीज पायाखाली घट्ट जमीनही लागते. पुढे पाय फाकलेल्या पिल्लांबद्दल वाचाल तेव्हा ही गोष्ट आठवावी.

आपल्या मुलखाला लावा नवा नाही. सासवड, सुपे, भिगवणकडच्या माळांवर पहाटे चालणाऱ्याच्या पायातून अचानक भुर्रकन थवा उठतो आणि पुन्हा गवतात बुडतो, ते आपले रानलावे. लावे आणि तित्तर फाशात धरणं हा फासेपारध्यांचा पिढीजात उद्योग होता आणि पक्ष्यांच्या हाकांची हुबेहूब नक्कल करण्याची त्यांची विद्या थोर होती. पण आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले लावे संरक्षित आहेत. ते पकडणं, पाळणं, त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. माळावरची घरटी आधीच इमारतींखाली चालली आहेत. हे पुस्तक वाचून कुणी रानातल्या अंड्याला हात लावला, तर ते न लिहिलेलं बरं होतं असं मला वाटेल. अंडी घ्यायची ती पाळीव जपानी लाव्याचीच, आणि ज्याच्याकडे पक्ष्यांचा कळप डोळ्यांनी पाहता येईल अशा माणसाकडूनच.

पुणे हे तसं कुक्कुटपालनाचं शहर. खडकीला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, उरुळी कांचनला कुक्कुट व्यवस्थापन शिकवणारी डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची संस्था आहे. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं काम १९८२ पासून इथूनच वाढलं. पण हे सगळं ज्ञान हजारो पक्ष्यांच्या शेडचं आहे. कोथरूडच्या गॅलरीत, हडपसरच्या गच्चीवर किंवा धायरीतल्या अंगणात चोवीस अंडी घेऊन बसलेल्या माणसाला त्यातलं नेमकं किती उचलायचं ते कळत नाही. असे लोक गेल्या काही वर्षांत पुष्कळ भेटले. कुणी शाळेतल्या मुलीला जीव कसा घडतो ते दाखवायला, कुणी निवृत्तीनंतरचा वेळ भरायला, कुणी पुढे चार पैसे मिळतील का ते आजमावायला. त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. धंद्याचा हिशेब हिच्यात नाही. पहिली पंचवीस पिल्लं नीट वाढवता आली, तर पुढचा हिशेब ज्याचा त्याला मांडता येतो.

नवशिक्याला सर्वांत जास्त धास्ती आकड्यांची असते. मला त्याला एवढंच सांगायचं आहे, की उबवणी यंत्राचा प्रत्येक आकडा हा खुडूक पक्षिणीच्या एखाद्या सवयीचा आकडा आहे. सवय कळली की आकडा पाठ करावा लागत नाही.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायचं. ही पक्षिणीच्या पोटाखाली अंड्याला मिळणारी ऊब. पंखा नसलेल्या साध्या खोक्यात ऊब वर चढते, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्यापाशी मोजून अंशभर जास्त ठेवावी लागते. दिवसातून तीन ते पाच वेळा अंडी फिरवायची. हे तिच्या चोचीचं काम. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि तिथेच अडतो. अंड्याचं टोक खाली, बोथट बाजू वर किंवा अंडं आडवं, कारण बोथट बाजूला हवेची पोकळी असते आणि पिल्लाचा पहिला श्वास त्या पोकळीतला असतो. मादी पेंढ्यावर अंडी झाकून बसते, तिथला ओलावा टिकून राहतो, म्हणून यंत्रातल्या हवेतही दमटपणा हवा: पहिले चौदा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७०.

दमटपणाच्या आकड्यापाशी पुण्याची हवा आडवी येते. अंड्यातलं पाणी रोज थोडं थोडं उडून जायला हवं, उबवणीच्या काळात वजनाच्या सुमारे बारा टक्के. तेवढीच पोकळी वाढते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवा कोरडीठाक असते, पाणी भराभर उडतं, आतला पडदा आवळतो आणि पिल्लू त्यात गुंडाळलं जातं. श्रावणात उलट होतं. भिंतींना ओल आलेली असते, पाणी उडतच नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लाला श्वासापुरतीही जागा मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात पहिले चौदा दिवस यंत्रात बहुधा पाणी ठेवूच नये आणि उन्हाळ्यात वाटीऐवजी पसरट ताटली ठेवावी, कारण ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पसाऱ्यावर ठरतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दिवाळीनंतर सुरुवात करावी हे उत्तम. रात्री थंडी असते, पण यंत्राच्या थर्माकोलच्या जाड भिंती ती थोपवतात.

यंत्र महागच हवं असं नाही. औषधाच्या दुकानात लशींबरोबर येणारं थर्माकोलचं खोकं, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणारा छोटा थर्मोस्टॅट, बल्ब, संगणकाचा जुना पंखा, एवढ्यात ते उभं राहतं. मात्र एकाच तापमापकावर विसंबू नये. दोन ठेवावेत आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही हे अंडी ठेवण्याच्या दोन दिवस आधी रिकाम्या यंत्रात पाहावं. एका अंशाची चूक सतरा दिवस चालू राहिली तर घाणा बिघडतो.

आता पुण्याच्या गुरुवाराबद्दल. देखभालीसाठी वीज जायची ती आपल्याकडे बहुधा गुरुवारी. लाव्याचं पिल्लू सतरा-अठरा दिवसांत बाहेर येतं. सुट्टी म्हणून लोक रविवारी अंडी ठेवतात, आणि अठरावा दिवस नेमका गुरुवारी येतो. मी सांगतो, गुरुवारी संध्याकाळी वीज परत आली की अंडी ठेवा. सतरावा दिवस रविवारी येतो, घरात माणसं असतात, वीज असते. मधल्या गुरुवारी वीज गेली तर घाबरू नका. कोंबडीही दिवसातून एकदा उठतेच. झाकण न उघडता खोक्यावर गोधडी टाका, वेळ लांबला तर बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावा. तासाभराच्या गारव्याने गर्भ मरत नाही, गडबडीत झाकण पुन्हा पुन्हा उघडून यंत्र तापवण्याच्या खटपटीने मरतो.

चौदाव्या दिवसानंतर मात्र कामाची दिशा उलटते. आतापर्यंत हात लावायचा होता, आता लावायचा नाही. फिरवणं बंद, दमटपणा वाढवायचा, झाकण मिटायचं. पिल्लू आतून पडदा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घेतं, मग कवचाला बारीक चीर पाडतं आणि काही तास थांबतं. हे थांबणं थकवा नाही. त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. काम पुरं झालं की पिल्लू गोल फिरत कवच कापतं आणि टोपी ढकलून बाहेर येतं. केंब्रिजमध्ये मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात लाव्याच्या अंड्यांवर काम करताना दाखवून दिलं, की शेवटच्या टप्प्यात पिल्लं अंड्यातूनच बारीक टकटक आवाज करतात. एकमेकांना टेकलेली अंडी तो आवाज ऐकतात, मागे पडलेली घाई करतात आणि सगळी जवळजवळ एकदम फुटतात. म्हणून अंडी शेवटी एकमेकांना चिकटूनच ठेवावीत.

माझ्या पहिल्या घाण्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चोवीस अंडी होती. सतराव्या रात्री पहिली चीर दिसली आणि मला राहवेना. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघत होतो. एक पिल्लू चार तास तसंच राहिलं म्हणून मी चिमट्याने त्याचं कवच सोलायला गेलो. चिमट्याच्या टोकाला रक्त आलं. ते पिल्लू सकाळपर्यंत गेलं, आणि झाकण उघडल्याने कोरड्या पडलेल्या पडद्यात आणखी चार पिल्लं तशीच अडकली. अकरा जगली. त्या पाच पिल्लांनी मला जे शिकवलं, ते या पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात जसंच्या तसं आहे: मदतीची इच्छा अनावर होईल तेव्हा हात मागे बांधा. चीर पडल्यापासून बारा तास काहीही करू नका.

नुकतं बाहेर आलेलं पिल्लू सात-आठ ग्रॅमचं, मधमाशीसारख्या पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचं. अंग वाळेपर्यंत ते यंत्रातच राहू द्यावं. पोटातला बलक एक दिवस पुरतो, त्यामुळे लगेच दाणा मिळाला नाही म्हणून काही बिघडत नाही. त्यानंतर कृत्रिम दाई, म्हणजे दिव्याची ऊब. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पण इथे तापमापकापेक्षा पिल्लंच खरं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, कडेला पांगून चोची उघडून बसली असतील तर उकाडा आहे, सगळीकडे पसरून टिपत-झोपत असतील तर ठीक आहे.

जमीन गुळगुळीत नको. वर्तमानपत्राच्या सपाट कागदावर पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. पहिल्या आठवड्यात गोणपाट किंवा खरबरीत कापड घालावं, त्यानंतर तूस. पाण्याचं भांडं म्हणजे बाटलीचं झाकण, आणि त्यातही गोट्या किंवा खडे भरलेले. लाव्याचं पिल्लू अर्ध्या बोटभर पाण्यातही बुडून मरतं. खाद्यात प्रथिनं जास्त लागतात, २४ टक्क्यांच्या वर. कोंबडीच्या पिल्लांचं प्री-स्टार्टर मिक्सरमध्ये बारीक करून, चाळून द्यावं आणि पहिले काही दिवस वर उकडलेलं अंडं कुस्करून घालावं. दोन आठवड्यांत ती फडफडू लागतात, तीन आठवड्यांत पिसं भरतात. तेव्हाच छातीवरून नर-मादी ओळखू येतात: नराची छाती एकसारखी विटकरी, मादीची ठिपक्यांची. दचकला की लावा सरळ वर उसळतो, म्हणून पिंजऱ्याला वरून कापडाचं छत द्यावं, नाहीतर डोकी फुटतात.

एक प्रश्न बहुतेक लोक अंडी ठेवल्यावर विचारतात, तो आधी विचारायला हवा. निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असतात. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर नर एकमेकांना आणि माद्यांना टोचून जखमी करतात. मग उरलेल्या नरांचं काय? खाणार, देणार, की वेगळ्या पिंजऱ्यात सांभाळणार? उत्तर काहीही असो, ते प्रामाणिक असावं आणि पहिलं अंडं यंत्रात जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे तर नक्कीच. मुलाने नाव ठेवलेला पक्षी एके दिवशी गुपचूप नाहीसा करणं, हे मुलावरही अन्याय करणारं आहे आणि पक्ष्यावरही.

जागा आणि शेजारही आधी पाहावेत. एका चौरस फुटात तीन-चार पक्ष्यांपेक्षा जास्त नकोत. नराची हाक कोंबड्याइतकी मोठी नसते, पण पहाटे ती भिंतीपलीकडे जाते. विष्ठा रोज काढली नाही तर अमोनियाचा वास येतो, आणि काढली तर तीच कुजवून गच्चीवरच्या बागेला उत्तम खत होतं. गॅलरीत कावळा, मांजर आणि घूस या तिघांपासून राखण लागते, त्यासाठी बारीक जाळी. हात धुण्याचा कंटाळा चालणार नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्यांबरोबर कितीतरी कुटुंबांची मिळकत गेली. रोग शेडचा मोठेपणा बघत नाही. पक्षी अचानक मरू लागले तर घरगुती उपायांत दिवस न घालवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं. मरतुकीचं कारण तपासायला औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे.

पुस्तिकेची सात प्रकरणं आहेत. पहिल्या तीन प्रकरणांत अंड्याची निवड, यंत्र आणि शेवटचे तीन दिवस, पुढच्या दोन प्रकरणांत पिल्लांचे पहिले सहा आठवडे, सहाव्यात आजार आणि सातव्यात नोंदवही कशी ठेवावी ते. सातवं प्रकरण वाचकाने आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. किती अंडी ठेवली, कोणत्या दिवशी, तापमान किती होतं, किती निघाली, न फुटलेली अंडी फोडून आत काय दिसलं, हे लिहून ठेवणाऱ्याचा दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला होतो. न लिहिणारा दर वेळी नवशिकाच राहतो. पहिल्या वेळी निम्मी पिल्लं निघाली तरी ते अपयश मानू नये, पण गेलेल्या प्रत्येक पिल्लाचं कारण शोधावं. तेवढं आपण त्याला देणं लागतो.

हे सगळं ज्यांच्याकडून शिकलो त्यांत पशुवैद्य आहेत, हडपसर-फुरसुंगीकडचे जुने पक्षीपालक आहेत, आणि रात्री बारा वाजता फोन करून "काका, अजून चीरच पडली आहे, काय करू?" असं विचारणारी मुलं आहेत. त्या मुलांच्या प्रश्नांनीच ही पुस्तिका लिहून घेतली. सगळ्यांचा मी ऋणी आहे.

सतराव्या रात्री दिवा मालवून खोक्याला कान लावा. आतून बारीक टकटक ऐकू येईल, एका अंड्यातून, मग शेजारच्या. झाकण उघडू नका. गोधडी घेऊन शेजारी बसा, मांजर येणार नाही एवढं बघा. आजीच्या पाटीपाशी आजी एवढंच करायची. फरक इतकाच, की तिथे बसायला कोंबडी होती आणि इथे तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

पुणे
कोजागरी पौर्णिमा